पिवळ्या बोयाच्या वीस मीटर बाहेर

मामा दुर्बीण डोळ्याला लावून पाण्यावर येणाऱ्या पाठी मोजतोय. ओठ हलतायत, आवाज नाही. डावा हात झेंड्याच्या काठीवर. "तीन... चार... आणि तो कोण मागे राहिला..." एकदम काठी वर गेली, लाल फडकं फाडकन उघडलं.

"थांबव!"

मी वॉकीटॉकीत ओरडले, "झेंडा! झेंडा वर! बंद करा!"

समोरच्या बार्जवर हातोडा वर गेला होता, तो वरच राहिला. आधीच्या ठोक्याचा हादरा खडकांवरच्या आमच्या मचाणाच्या पाइपांतून माझ्या तळपायात आला आणि विरला. मग वॉकीटॉकीतून हातोडेवाल्याचा आवाज आला, "विचार तुझ्या मामाला, आज पाहुणे किती?"

"काय म्हणतोय तो?" मामाने विचारलं.

"पाहुणे किती, म्हणतोय."

"पाच. आणि त्याला सांग, चहा पिऊन घे. अर्धा तास आहे."

मामा म्हणजे माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. नंतर लोक त्याच्याबद्दल काहीबाही बोलले. मचाणावर डुलक्या काढायचा म्हणे, कंपनीने त्याला गप्प केला म्हणे. मी रोज त्याच्या शेजारी बसायचे. बोलणाऱ्यांपैकी एकही जण तिथे नव्हता. म्हणून मी सांगते.

आमच्या खाडीत मोठ्या जहाजांसाठी नवा धक्का बांधत होते. त्यासाठी समुद्राच्या तळात चौसष्ट लोखंडी पाइप ठोकायचे. एकेक पाइप एवढा रुंद की आत माणूस आडवा झोपेल. बार्ज म्हणजे सपाट मोठी होडी, तिच्यावरचा हातोडा पाइपाच्या डोक्यावर आपटायचा, एका पाइपाला दोन-अडीच हजार ठोके. खाडीत डॉल्फिनचा एक कळप राहायचा, आमच्या आजोबांच्या आधीपासून. म्हणून परवानगीच्या कागदात एक अट होती. ठोकायच्या आधी अर्धा तास माणसाने पाणी बघायचं. हातोड्यापासून पाचशे मीटरच्या आत डॉल्फिन दिसला तर सुरू करायचं नाही. मध्येच आत आला तर थांबायचं, आणि तो गेल्यावर पुन्हा अर्धा तास. ते बघायला जो माणूस ठेवला, तो माझा मामा.

त्याच्या आधी तो सव्वीस वर्षं टगबोटीच्या इंजिनखोलीत फिटर होता. तिथे खाली माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात. पहिली काही वर्षं त्याचं डोकं भणभणायचं. मग थांबलं. तो खूश झाला, म्हणाला, सवय झाली. मग एक दिवस मामी मागच्या खोलीतून दहा वेळा हाक मारून दमली आणि चप्पल फेकून मारली. डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं, सवय नाही झाली, डावा कान गेला. उजवाही अर्धा.

ही गोष्ट त्याने कंपनीला सांगितली नाही. कंपनीला डोळे हवे होते आणि डोळे त्याचे घारीचे. तपासणीला तक्त्याची शेवटची ओळ तर वाचलीच, वर खाली छापखान्याचं नाव बारीक होतं, तेही वाचून दाखवलं. कान कोणी विचारलेच नाहीत. पण वॉकीटॉकीवर काय बोलतात ते त्याला कळेना. तेव्हा मी शाळा सोडून दोन वर्षं झाली होती. एका कामावर चार महिन्यांपेक्षा जास्त टिकत नव्हते, आई डोक्याला हात लावून बसायची. मामा म्हणाला, "हिला द्या माझ्याकडे. मी बघतो, ही ऐकेल." मचाणावर मी चौदा महिने टिकले. आईला अजून खरं वाटत नाही.

मामाने मला पहिल्या दिवशी घरामागे नेलं. तिथे पाण्याचं निळं पिंप असतं, काठोकाठ भरलेलं.

"डोकं घाल."

"कशाला?"

"घाल म्हटलं ना."

मी श्वास धरून डोकं घातलं. त्याने पिंपाच्या अंगावर पाना मारला. एकदाच, तोही हळू. मला वाटलं कोणी कवटीच्या आतून मारलं. दातांपर्यंत झिणझिण्या. मी नाकातोंडात पाणी घेऊन बाहेर आले आणि त्याला शिव्या घातल्या.

"पाण्यात आवाज असा लागतो," तो म्हणाला. "आणि तू डोकं बाहेर काढलंस. त्यांनी कुठे काढायचं?"

तो हे सगळ्यांना करायला लावायचा. हातोडेवाल्याने केलं, आणि त्यानंतर झेंडा वर गेला की तो नुसती थट्टा करायचा, शिवी देणं त्याने बंद केलं. साइटच्या साहेबाने केलं नाही. तो कायम बगलेत फाइल धरून फिरायचा, म्हणून आम्ही त्याला फाइलसाहेबच म्हणायचो. पिंपाकडे बघून तो म्हणाला, "माझा शर्ट भिजेल."

कळपात तेव्हा अकरा होते. मामा सगळ्यांना पाठीवरच्या पंखावरून ओळखायचा. एकीचा पंख मागून फाटलेला होता, कधीतरी बोटीच्या पंख्याचं पातं लागलेलं. तिला तो वहिनी म्हणायचा, कारण ती कायम पाठ करून जायची. वहिनीला त्या वर्षी पिल्लू झालं होतं. ते तिच्या कुशीला इतकं चिकटून असायचं की मी त्याचं नाव शेपूट ठेवलं.

घरी मामीला या सगळ्याचा वैताग होता आणि नव्हताही. ती शिवणकाम करायची. वाऱ्याने झेंडा दर महिन्याला फाटायचा आणि दर महिन्याला ती नवा शिवून द्यायची.

"लग्नाला तीस वर्षं झाली," ती मशीन चालवत मला म्हणायची, "मी काय घातलंय ते या माणसाला संध्याकाळी विचार, सांगता यायचं नाही. आणि त्या सवतीच्या पंखाला किती भोकं ते झोपेत सांगेल. वर सवतीसाठी झेंडा कोण शिवतंय? मीच!"

"काय म्हणतेय?" मामा.

"म्हणतेय, झेंडा छान झालाय," मी सांगायचे.

आता बोयाचं. पाचशे मीटर कुठे संपतात ते पाण्यावर कसं कळणार? कंपनीने म्हटलं, अंदाजाने बघा. मामाला अंदाज चालत नव्हता. त्याने शंभर मीटरचा दोर घेतला, होडीतून पाच वेळा टाकला आणि पाचव्या टोकाला पिवळा तरंगता बोया बांधला. भरती-ओहोटीला सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी नांगर. दर सोमवारी होडी काढून पुन्हा मोजायचा. एकदा बोया चार मीटर आत सरकलेला निघाला तर दिवसभर घुम्यासारखा बसला, कारण त्या आठवड्यात चार मीटरमध्ये कोणी येऊन गेलं असेल तर? मी म्हटलं, चार मीटरने काय होतंय. त्याने दोर माझ्या हातात दिला, म्हणाला, चार मीटर मोजून बघ.

हातोडेवाला आणि तो मात्र रोज भांडायचे.

"ते बाहेर होतं! बोयाच्या बाहेर!"

"नाक आत होतं."

"नाकाचं काय करायचंय?"

"तुझं नाक दारात अडकवतो, मग सांग अंग कुठे आहे ते."

सगळं चाललं होतं. मग टायर आला. धुकं होतं सकाळी. बोयाच्या बरंच आत काहीतरी काळं, गोल, वरखाली होत होतं. मामाने झेंडा उचलला. पाऊण तास काम थांबलं. तेवढ्यात पाइप अर्ध्यात चिखलाने धरला, मग तो पुढे जाईना की वर येईना, उपसून काढायला दोन दिवस गेले. धुकं विरलं तेव्हा दिसलं, ट्रकचा जुना टायर.

फाइलसाहेबाने फाइल पहिल्यांदा उघडली आणि त्यातून एक कागद काढून मामाच्या हातात दिला. हद्दीच्या आत प्राणी नसताना पुन्हा झेंडा वर गेला तर कामावरून कमी. त्याच रविवारी साहेबाचा मेहुणा "शिकायला" म्हणून मचाणावर आला. समुद्राकडे पाठ करून बसला आणि चार तास मोबाइलवर गाड्यांची शर्यत खेळला. जाताना म्हणाला, "सोपं आहे की."

तो उतरून गेल्यावर मामाने दुर्बिणीची काच पुसली. मग म्हणाला, "मी गेलो तर हा बसणार."

"मग?"

"मग काय. तेवीस पाइप ठोकून झालेत, एक्केचाळीस बाकी. हा बसला तर त्यांचं कोण?"

त्या दिवसापासून मामाने एकदाही चूक केली नाही. आत म्हणजे आत, बाहेर म्हणजे बाहेर. त्याला वाटत होतं की आपण पाचशेला पक्के राहिलो तर कोणी आपल्याला हलवू शकणार नाही, आणि आपण हललो नाही तर ते वाचतील. मलाही तेच वाटत होतं. आम्ही दोघं मूर्ख नव्हतो. कागदावर पाचशे लिहिलं होतं, सही-शिक्क्यानिशी.

तिसाव्या पाइपाला नऊ राहिले. पस्तिसाव्याला सहा. मामा म्हणायचा, बाहेर गेले असतील, शहाणे आहेत, काम संपलं की येतील. मग एक सकाळ अशी आली की फक्त वहिनी आणि शेपूट. ती दोघं का गेली नाहीत? खाडीच्या तोंडाशी गाळ उपसणारं जहाज उभं केलं होतं, दिवसरात्र त्याचा घरघराट. पलीकडे जागा मिळायची वाट बघणारी मालवाहू जहाजं, त्यांची जनरेटर चालूच. आत हातोडा, बाहेर हे. त्या जहाजासाठी कुठलाही झेंडा नव्हता. मामाने फाइलसाहेबाला विचारलं तर तो म्हणाला, "ते दुसऱ्या कंत्राटात आहे."

एक्केचाळिसावा पाइप. स्वच्छ ऊन, पाणी काचेसारखं. अर्धा तास बघून झाला, काही नाही. मी निरोप दिला, "मोकळं आहे." पहिले काही ठोके हळू मारायचे असतात, असलं कोणी तर निघून जावं म्हणून. पहिला हळू ठोका पडला आणि बोयाच्या पलीकडे वहिनीचा फाटका पंख वर आला. शेजारी शेपूट.

मामा उभा राहिला. दुर्बीण डोळ्याला, हात काठीवर.

"मामा, झेंडा!"

"बाहेर आहे."

"किती बाहेर?"

"दोन होड्या." म्हणजे वीस मीटर. तो होडीच्या लांबीने सांगायचा.

"वीस मीटरला कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

ठोके हळू पडत होते. आम्हाला वाटलं ती आता वळेल. ती वळली, खाडीच्या तोंडाकडे गेली, आणि परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. बोयाच्या रेषेला धरून, जणू तिथे भिंत आहे. शेपटाने मग एक गोष्ट केली जी मी त्याआधी बघितली नव्हती. ते पाण्यात उभं राहिलं. सरळ उभं, डोकं बाहेर काढून.

मला पिंप आठवलं. मामालाही आठवलं असणार, कारण त्याच्या तोंडून आवाज निघाला. तो ओरडत नव्हता, विनवत होता. "आत ये. ये ना गं आत. वीसच मीटर. नाक टाक नुसतं, मी थांबवतो." ज्यांना त्याने वर्षभर आत येऊ नये म्हणून जपलं, त्यांना तो आता आत बोलवत होता. आत आली तरच त्याला झेंडा उचलता येणार होता.

मी काठीला हात घातला. खरं सांगते, मी झेंडा उचलणार होते. त्याने माझं मनगट पकडलं. इंजिनातल्या माणसाची पकड, सोडवता येत नाही.

"आज उचलला," तो म्हणाला, "तर उद्यापासून तो मेहुणा बसेल. तेवीस पाइप आहेत अजून. तेवीस. समजतंय तुला?"

मग पूर्ण जोराचे ठोके सुरू झाले. दोन हजार तीनशे चाळीस. मी मोजले नाहीत, बार्जवर आकडा निघतो. मामाने दुर्बीण खाली घेतली नाही. ती आत आली नाही. साधारण अर्ध्यावर शेपूट दिसेनासं झालं. फाटका पंख एकटाच इकडून तिकडे फिरत राहिला.

तिसऱ्या दिवशी ती आत आली. आम्ही अर्ध्या तासाची पाहणी सुरू केली आणि पाचव्या मिनिटाला ती दिसली. तीनशे मीटर, मग दोनशे. नाकावर काहीतरी घेऊन ढकलत होती. ते पाण्यात बुडायचं, ती खाली जाऊन पुन्हा वर उचलायची.

मामाने झेंडा लावला. हातात नाही धरला, काठी मचाणाला दोरीने बांधून टाकली.

दोन तासांनी फाइलसाहेब खडकांवरून चालत आला. "मेलेला प्राणी धरायचा नाही," तो खालून म्हणाला. "अटीत तसं आहे."

मी मामाला सांगितलं.

"मेलेला नाही धरत," मामा म्हणाला. "जी ढकलतेय ती धरतोय."

फाइलसाहेबाने अट पुन्हा वाचली. फाइल बगलेत मारली आणि तो गेला. सहा तास काम बंद होतं. हातोडेवाल्याने वॉकीटॉकीवर एकही थट्टा केली नाही. एकदाच म्हणाला, "मामांना म्हणावं, पाणी प्या." उन्हं उतरताना तिने ते सोडलं. का सोडलं ते मला माहीत नाही. ती तोंडाकडे गेली, गाळाच्या जहाजाच्या बाजूने, आणि दिसेनाशी झाली.

आणि मग मामाने घड्याळ बघितलं. अर्धा तास पाणी बघितलं, पूर्ण अर्धा. मग काठीची दोरी सोडली, झेंडा गुंडाळला आणि मला म्हणाला, "सांग, मोकळं आहे."

"मामा."

"अट आहे. सांग."

मी सांगितलं. आयुष्यात मी पुष्कळ घाण शब्द तोंडातून काढलेत, त्या दोन शब्दांइतकं वाईट काही बोलले नाही.

पिल्लू दुसऱ्या दिवशी खडकांत लागलं. प्राण्यांची सरकारी डॉक्टरीण येऊन ते घेऊन गेली. अंगावर ओरखडा नव्हता. मामाने त्याला ताडपत्रीत गुंडाळायला मदत केली आणि तिला विचारलं, "कान?" ती म्हणाली, उघडून बघावं लागेल.

बाकीचे तेवीस पाइप ठोकून होईपर्यंत मामा मचाणावर चढत राहिला. एकही सोमवार चुकवला नाही, दोर टाकून बोया मोजायचा. वहीत रोज दोन रकाने भरायचे, किती दिसले आणि किती अंतरावर. पहिल्यात शून्य आणि दुसऱ्यात रेघ. चौसष्टावा पाइप झाल्यावर हातोडेवाल्याने वर येऊन त्याच्याशी हात मिळवला. झेंडा मामीने घरी नेला आणि पुन्हा कधी शिवला नाही. सवत हा शब्दही तिने टाकला.

कळप परत आला नाही. धक्का चालू झाला, आता जहाजं येतात. मामाचा उजवा कानही गेला. कानात घालायचं यंत्र आणलंय, ते कपाटात पडून असतं. जेवताना मध्येच घास हातात धरून म्हणतो, "बाहेर होती ती. वीस मीटर बाहेर होती." मामी म्हणते, "हो. होती." त्याला ऐकू येत नाही, पण ती दर वेळी म्हणते.

मी आता फेरीबोटीवर दोर टाकते. मागच्या महिन्यात तीच डॉक्टरीण बोटीवर होती. मी ओळख दिली आणि शेपटाचं विचारलं. ती म्हणाली, कानांच्या आत रक्त साकळलं होतं, दोन्ही बाजूंनी. मी म्हटलं, पण ते तर हद्दीबाहेर होतं, पाचशे वीसवर, माझ्या मामाने मोजलेलं. ती म्हणाली, त्या हातोड्याचा मार एवढ्या लहान पिल्लाला दोन किलोमीटरवरही बसू शकतो. अख्ख्या खाडीत त्याला सुरक्षित अशी जागा नव्हती.

मग पाचशे कुठून आलं, मी विचारलं.

अट लिहिणाऱ्यांमध्ये ती स्वतः होती. ती म्हणाली, मचाणावरून माणसाला दुर्बिणीने पंख नीट दिसतो तो पाचशे मीटरपर्यंतच, म्हणून आम्ही पाचशे लिहिलं.